येरळेची घंटा

गावाकडे मला सगळे 'फौजी' म्हणतात. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो, की बाबांनो, मी फौजेत नव्हतो, नौदलात होतो. त्यावर समोरचा म्हणायचा, "त्येच की रं गड्या, पेन्शन सरकारचीच न्हवं?" मग मी दुरुस्ती करायचं सोडून दिलं. आमच्या कोरेगाव तालुक्यात घरटी एक माणूस पलटणीत असतो. माझे वडील पलटणीत, दोन्ही चुलते पलटणीत. मी नौदलात भरती झालो तेव्हा आई शेजारणीला सांगत होती, "पोराला पवाय येत न्हाई, त्येला कसं घेतलं कुनास ठावं." खरंच येत नव्हतं. तिथं गेल्यावर शिकवलं, आणि शिकवताना जे काही पाणी पोटात गेलं त्याला आमची अख्खी विहीर पुरली नसती.

त्याहून अवघड प्रश्न माझ्या कामाचा. मी बोटीवर सुतार होतो. नौदलात जहाजाला शिप म्हणतात, पण गावात सगळं बोटच असतं, म्हणून इथंही मी बोटच लिहितो. तर लोखंडाच्या बोटीवर सुतार कशाला, हे मला लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनीही विचारलं होतं. त्यांना वाटलं, मुलगा काहीतरी लपवतोय.

बोटीवर दारं, कपाटं, होड्या यांची डागडुजी असतेच. पण सुताराचं खरं काम बोटीत पाणी शिरल्यावर सुरू होतं. बोटीच्या पोटाला भोक पडलं तर तिथं वेल्डिंग करत बसायला सवड नसते. लाकडाचे निमुळते गुट्टे लहानमोठ्या मापांचे करून ठेवलेले असतात. भोकात गुट्टा घालायचा, भोवती कापड गुंडाळायचं आणि घणानं ठोकायचा. पाणी लागलं की लाकूड फुगतं आणि आपलं आपण घट्ट बसतं. आतली भिंत दबायला लागली तर तिला लाकडी टेकू द्यायचे, आपण पावसाळ्यात कललेल्या भिंतीला देतो तसेच. एकदा भर समुद्रात पंपाच्या खोलीतला खाऱ्या पाण्याचा पाइप फुटला. खाली गुडघाभर पाणी झालेलं. मी माझ्या अंथरुणावरचं ब्लँकेट ओढून खाली पळालो, ते गुंडाळून गुट्टा ठोकला आणि वर आलो. साहेब म्हणाले, "वेल डन." स्टोअरवाला म्हणाला, "ब्लँकेट जमा करायचं राहिलंय." नौदल म्हणजे या दोन वाक्यांच्या मधे जे काही असतं ते.

आता मूळ गोष्टीकडे येतो. जिच्याबद्दल लिहितोय त्या बोटीचं खरं नाव मी देणार नाही. निवृत्त झालो तरी जीभ सांभाळायची सवय जात नाही. आपण तिला 'येरळा' म्हणू. आमच्याकडची ही नदी वर्षातले बरेच महिने नुसती वाळूचीच असते. निदान तिच्या नावाच्या बोटीखाली तरी पाणी असू दे.

पलटणवाल्यांना बोटीच्या नावाचा कारभार पटकन कळत नाही, कारण पलटण मरत नाही. माणसं येतात, जातात, निशाण तेच राहतं. बोट मात्र मरते. पत्रा झिजतो, इंजिन थकतं, आणि एका संध्याकाळी सूर्य बुडताना निशाण उतरवून तिला निरोप देतात. त्या वेळी भले भले दाढीवाले गडी रडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग ती बोट भंगारात जाते. पण नाव भंगारात घालत नाहीत. ते राखून ठेवतात, आणि कधी दहा, कधी वीस वर्षांनी नवी बोट तयार झाली की तिला देतात. नावाबरोबर जुनीचं बोधचिन्ह येतं, ब्रीद येतं, लढाईत भाग घेतला असेल तर त्याची पाटी येते. जुन्या दह्याचं विरजण नव्या दुधाला लावावं तसा हा प्रकार आहे. दूध सगळं नवं, पण दही घरचंच.

याची गंमत अशी, की नव्या बोटीवरच्या पोरांनी जुनी बोट पाहिलेलीही नसते. तरी एखादा मिसरूड न फुटलेला गडी दुसऱ्या बोटीवरच्याला ठासून सांगतो, "अरे, हमारे शिप ने वो तूफान झेला है!" ते वादळ झालं तेव्हा याचे आईबाप शाळेत असतील. पण त्याला कुणी खोटं पाडत नाही. मीही कधी पाडलं नाही.

या सगळ्या वारशात सर्वांत मानाची वस्तू म्हणजे घंटा. पितळेची, काखेत मावेल न मावेल एवढी, वर बोटीचं नाव कोरलेलं. पूर्वी बोटीवर वेळ घंटेनं कळायची. पहाऱ्याची पाळी चार तासांची. दर अर्ध्या तासाला एक ठोका वाढवत जायचं, तेही जोडीजोडीनं, आणि आठ ठोके झाले की पाळी बदलली. आता भिंतीभिंतीवर घड्याळं आहेत, तरी घंटा असतेच. तिचा आणखी एक उपयोग धुक्यात. दाट धुक्यात नांगर टाकून उभं राहावं लागलं तर ती भराभरा वाजवतात. बोट दिसली नाही तरी कुठं आहे ते कळावं म्हणून.

नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात माझी नेमणूक नव्या येरळेवर झाली. बोट तेव्हा गोदीत उभी होती. निशाण चढेपर्यंत बोटीला नावानं हाक मारत नाहीत, गोदीतला नंबर असतो, तोच चालतो. कॅप्टनसाहेब केरळचे, बोलायला मृदू, पण एकदा मनात आलं की सोडायचे नाहीत. जुन्या येरळेचं बोधचिन्ह मिळालं, पाटी मिळाली, घंटा काही मिळेना. नवी घंटा ओतून तयार होती, पण साहेबांना जुनीच हवी होती. मग कुणा निवृत्त अधिकाऱ्यानं त्यांना फोनवर सांगितलं, की बोट तोडली तेव्हा भंगारबाजारातून ती घंटा त्याच बोटीवरच्या एका सातारच्या खलाशानं विकत घेतली होती. नाव महादू.

साहेबांनी मला बोलावलं. माझा हुद्दा चीफचा, हाक तीच. "चीफ, तुम भी तो सातारा के हो. जाओ, महादू को पूछ के आओ." सातारा हे त्यांना एक गल्ली असलेलं गाव वाटत होतं. जिल्ह्यात महादू किती असतील हे मी त्यांना सांगायला गेलो नाही. सुट्टी मिळत होती, घेतली.

शोध लागला तो मात्र चहाच्या टपरीवर. कोरेगावात माजी सैनिकांच्या पेन्शनच्या कामाला आलेला एक म्हसवडकडचा हवालदार म्हणाला, "आमच्या तिकडं एका वाडीत नाथाच्या देवळातली घंटा दिसभर वाजती. अर्ध्या अर्ध्या तासाला. म्हातारा येडा हाय का शाना, कळत न्हाई. नेव्हीतला हाय म्हनं." माझ्या हातातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पुसेगाव, दहिवडी करत म्हसवड गाठलं आणि तिथून मोटारसायकलवर मागं बसून त्या वाडीत उतरलो.

माणदेशाचा तो भाग ज्यानं पाहिलाय त्याला सांगायला नको. नजर जाईल तिकडं माळ, बाभळी आणि मेंढरं. समुद्राचा आणि त्या गावाचा काही संबंध असेल असं कुणी शपथेवर सांगितलं तरी पटू नये. आणि मी देवळाच्या पारापाशी पोचतोय तोवर आतून घंटा वाजली. दोन ठोके, मधे जरा दम, परत दोन ठोके. ही बोटीची रीत, देवळाची नव्हे. देवळात माणूस येतो आणि मनाला येईल तसा एक टोला देतो.

घंटेच्या लोलकाला दोरी होती, ती खलाशी विणतात तशी गाठींची, फक्त घायपाताच्या वाखाची. घंटेवरचं नाव जवळजवळ गेलेलं. बायका दर सणाला चिंच आणि राखेनं घासत आलेल्या, त्यात अक्षरं झिजली होती. हात फिरवला तेव्हा बोटांना लागली.

"झिजली, पर हाय," मागून आवाज आला. ऐंशीच्या घरातला म्हातारा, धोतर, मुंडासं, आणि हातावर नांगर गोंदलेला. महादूनाना. मी कोण, कुठला ते सांगितलं. बोटीवर सुतार म्हटल्यावर एकदम खूश झाले. "आमचा सुतार बंगाली हुता. मासं नसलं की रडायचा." मग बराच वेळ बोटीच्याच गप्पा झाल्या. त्यांना बॉयलरचा आवाज आठवत होता, जिन्याच्या कितव्या पायरीवर डोकं आपटतं ते आठवत होतं. मी शेवटी विषय काढला. नवी येरळा होतेय, घंटा हवीय.

नानांनी मुंडासं सारखं केलं. मग म्हणाले, "मला काय इचारतूस? नाथाला वाहिलीया. नाथाची हाय. गावाची हाय." आवाज उतरवून म्हणाले, "आन् खरं इचारशील तर अनसाची हाय."

मग त्यांनी किसनची गोष्ट सांगितली. किसन याच वाडीतला, नानांच्या बरोबरीचा. दोघं एकाच भरतीला गेले, नशिबानं एकाच बोटीवर लागले. किसनचं अनसाशी लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. ऐन पावसाळ्यात, खवळलेल्या समुद्रात, डेकवरच्या एका होडीची बांधणी सैल झाली, ती आवळायला दोघं गेले. एक लाट आली. ती गेल्यावर डेकवर नाना होते, किसन नव्हता. कप्तानानं बोट वळवली. दिवसभर शोधलं, दुसऱ्या दिवशीही शोधलं. काही मिळालं नाही. युद्ध नव्हतं, की काही नव्हतं. त्यामुळं त्याचं नाव कुठल्या पाटीवरही नाही.

"अनसावैनीनं कुकू पुसलं न्हाई," नाना म्हणाले. "म्हनली, मयत दावा, मग पुसती. गाव बोललं. बोलून बोलून दमलं. मी सुट्टीवर आलो की मला इचारायची, भावजी, बोट परत तितनं जाती का? अंधारात, धुक्यात त्येला ती गावंल का? मी सांगितलं, वैनी, धुकं आलं की आमी घंटा वाजवतो. लय लांबवर जाती. तवापासनं घंटेचंच इचारायची. पुढं बोट मोडीत निघाली. मी मुंबैत भंगारवाल्यांच्या गल्ल्या पायाखाली घातल्या आन् ही घिऊन आलो. देवळात बांधली आन् रोज वाजवतो. शेरडं राखताना ऐकती ती. मान वर करती. मी बघितलंय."

मी पुन्हा घंटेवरच्या अक्षरांवरून हात फिरवला.

"घंटा गेली तर अनसा कशावर दिस काढंल, येवढं मला सांग," नाना म्हणाले, "आन् मग खुशाल घिऊन जा."

मोकळ्या हातानं परत जावं आणि साहेबांना सांगावं, महादू सापडला नाही, असं माझ्या मनात येऊन गेलं. पण तोवर वाडीत बातमी फिरली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच देवळापुढं गाव जमलं. अध्यक्षस्थानी एक निवृत्त सुभेदार, मिशा पिळलेल्या, पलटणीचा माणूस. त्यानं मला कोर्टात उभं केल्यासारखं उभं केलं.

"पाव्हणं, एक सांगा. ही घंटा भंगारात कुनी घातली?"

"बोट मोडीत निघाली, सुभेदारसाहेब. घंटा काढून घ्यायची राहून गेली असंल."

"ऱ्हाऊन गेली!" सुभेदार गावाकडं वळले. "आयकलं का रं? आमच्या पलटणीचं निशान कदी ऱ्हाऊन गेलं न्हाई कुटं!" सगळे हसले. मीही हसलो, दुसरं काय करणार? "तुमी टाकली, आमच्या मानसानं उचलली, देवाला वाहिली. आता नवी बोट झाली तवा तुमाला आटवन आली व्हय?"

दुसरा एक म्हातारा काठी आपटून म्हणाला, "वाईजवळ मेनवलीला वसईच्या लढाईतनं आनलेली फिरंग्यांची घंटा हाय न्हवं? ती कवा कोन माघारी मागाय आलं का?"

हे दोघंही बरोबर होते, हे मी इथं सरळ कबूल करतो. आम्ही नाव तेवढं जपलं आणि घंटा भंगारात जाऊ दिली, हे मला तेव्हाही लागलं आणि अजूनही लागतं. मी एवढंच म्हणालो, की बदल्यात नवी घंटा मिळेल, तिच्यावरही तेच नाव आहे. सुभेदार म्हणाले, "नाव सोनाराकडनंबी घालता येतंय. आवाज कुटनं आनशीला?"

शेवटी ठरलं, देवालाच विचारायचं. कौल लावायचा. गुरवानं 'नाथाच्या नावानं चांगभलं' म्हणून मूर्तीच्या दोन्ही बाजूंना ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर घंटा द्यायची, डावी पडली तर नाही. सगळं गाव कळ्यांकडं बघत बसलं. एकही पडेना. उन्हं वर आली. पोरं कंटाळून खेळायला गेली. कुणीतरी म्हणालं, "गुरवा, डिंक लावलास का रं?" गुरव म्हणाला, "गप ऱ्हावा. देव इचार करतुया."

नाना खांबाला टेकून बसले होते. मला त्यांचं कळत होतं. त्यांना डावी कळी पडायला हवी होती, आणि तसं देवापुढं मनात धरायला त्यांचं मन होत नव्हतं.

तेवढ्यात एक बाई देवळाच्या पायरीशी येऊन उभी राहिली. वयस्क, काटक, हातात शेरडं हाकायची काठी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"भावजी, आज घंटा का वाजली न्हाई?" तिनं विचारलं. "तुमास्नी बरं न्हाई का काय म्हनून आले."

नानांनी खाली बघितलं. सुभेदारांनीच सगळं सांगितलं. नवी बोट, जुनं नाव, घंटा मागायला आलेला मी. तिनं ते सगळं मान न हलवता ऐकून घेतलं. मग कळ्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि नानांना म्हणाली, "भावजी, धुक्यात घंटा कशापायी वाजवत्यात म्हनला हुता तुमी?"

"बोट कुटं हाय ते कळावं म्हनून, वैनी."

"कुनाला कळावं म्हनून?"

नाना खांबाला धरून उठले. "जो भाईर ऱ्हायलाय त्येला."

"मग त्यो भाईर ऱ्हायलाय कुटं? हितं, ह्या वाडीत?"

नानांनी नकारार्थी मान हलवली.

"येवढी वर्सं ऐकतीया मी," अनसामावशी म्हणाली. "लय बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू? पर मी कुटं हरवलीया? मी हाय की हितंच. जो हरवला त्येला ऐकू जाया नगं का? म्हसवडाच्या माळावर वाजवून समुद्रात कसं जाईल ते?" मग माझ्याकडं वळली. "घिऊन जा, बाबा. नवी बोट त्याच पाण्यातनं जाईल न्हवं?"

मी म्हणालो, "जाईल, मावशी."

"मग झालं तर." एवढं बोलून ती उतरली आणि शेरडांमागं निघून गेली.

गुरवानं उपरण्याच्या टोकानं दोन्ही कळ्या पुसून काढल्या. "आता कौल कशाला पायजे?" म्हणाला. सुभेदार बराच वेळ मिशीवरून हात फिरवत बसले होते. मग उठले. मला वाटलं, पुन्हा काही कायदा काढतायत. ते घरी गेले आणि पाना घेऊन आले. "गंजलाय नट," म्हणाले. "जरा दमानं घ्या. पितळेला वरखडा नगं." घंटा मी सोडवली, खालून धरली सुभेदारांनी. नानांनी ती धोतराच्या सोग्यानं आतून पुसली आणि दोरीसकट माझ्या स्वाधीन केली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

नवी घंटा मीच परत जाऊन देवळात बांधली. घंटा चांगली होती, पण आवाज बारीक. गावानं नावं ठेवली, ती ऐकून घेतली. अनसामावशीनं येऊन एकदा वाजवून बघितली. "पोरसवदा हाय," म्हणाली, आणि पुन्हा दोरीला हात लावला नाही. नानांनी रोजची पाळी सोडून दिली. वाडी आता मोबाइलवर वेळ बघते. आपण त्या बाईचा रोजचा आधार काढून नेला, हे मला तेव्हा फार लागलं. तिनं स्वतः दिली होती हे खरं, पण दिल्यानं उणं भरून येत नाही.

निशाण चढवायच्या सोहळ्याला साहेबांनी नानांना आणि अनसामावशीला बोलावणं धाडलं. मावशी आली नाही. "मला ते पानी बघायचं न्हाई," एवढंच म्हणाली. नाना आले, सोबतीला सगळी पदकं लावून सुभेदार. नाना बोटीच्या कठड्याला, भिंतींना हात लावून बघत होते. "ही ती न्हाई रं," मला हळूच म्हणाले. "पत्रा लय गुळगुळीत हाय." मग घंटेपाशी गेले. साहेबांनी खूण केली तसे त्यांनी ठोके दिले, जोडीजोडीनं, एकही न चुकता. सुभेदारांनी खाडकन सॅल्यूट ठोकला. नौदलाला त्यांनी आयुष्यात केलेला तो पहिलाच असावा.

पहिल्या लांबच्या फेरीवरून आम्ही परत आलो तेव्हा बंदरात रेंज आल्या आल्या मी नानांच्या फोनवर फोन लावला. म्हटलं, मावशीला द्या.

"वाजवली का?" तिनं विचारलं. कोण, कुठला, कसा आहेस, काही नाही.

"वाजवली, मावशी."

"काठाला का आत?"

"आत. जमीन दिसत नाही तिथं."

"कशी वाजवली?"

मी सांगितलं, दुपारी पाळी बदलताना, नेहमीसारखे ठोके दिले. मागं शेरडं ओरडत होती.

"तशी न्हाई," ती म्हणाली. "ती वेळंची झाली. धुक्यातली वाजवा. आन् जोरात वाजवा, बाबा. तिकडं पानी लय हाय म्हनं."

पुढच्या फेरीला मी साहेबांपुढं उभा राहिलो. त्यांना सगळी हकीकत ठाऊक होती. धुकं नसताना धुक्याची घंटा वाजवणं शिस्तीत बसत नाही, हे त्यांनी मला सांगितलं नाही आणि मीही त्यांना सांगितलं नाही. जवळपास दुसरी कुठली बोट नाही ना, एवढं त्यांनी रडारवर बघायला लावलं. मग मान हलवली.

मी घायपाताची ती दोरी धरली आणि भराभरा वाजवायला लागलो, हात भरून येईपर्यंत. खालून पोरं जिन्यावरून धावत वर आली. वर लख्ख ऊन, चारी बाजूंना स्वच्छ समुद्र. एक नवा पोरगा डोळ्यांवर हात धरून इकडं तिकडं बघत म्हणाला, "चीफसाब, धुंध किधर है?"

"धुंध नहीं है," मी म्हटलं. "एक आदमी बाहर रह गया है."

त्याचा चेहरा उतरला. "किस शिप का, सर?"

"इसी शिप का," मी म्हटलं, आणि वाजवत राहिलो.